शंभर टक्के चार्ज आणि आंबोलीचा उतार : एक प्रकरण अभ्यास

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सकाळी साडेआठच्या सुमारास मावसभावाचा फोन आला. तो आंबोली घाटाच्या पायथ्याला, दाणोलीत, साटम महाराजांच्या मठाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा होता. "दादा, ब्रेक धरणा नाय रे. दाबून दाबून पाय दुखाक लागलो." मागून मावशीचा आवाज ऐकू येत होता. पोरांना ती चाकापासून लांब उभे राहायला सांगत होती.

"गाडी हलवू नको, चाकार पाणी ओतू नको, मी येतंय," एवढे सांगून मी कुडाळहून मोटरसायकल काढली.

कुडाळात मी बावीस वर्षे ड्रायव्हिंग शिकवतो. घाटात ब्रेक तापून गाडी हाताबाहेर गेल्याची प्रकरणे मला नवीन नाहीत. बहुतेक वेळा गाडी जुनी असते, नाहीतर चालक नवखा असतो, नाहीतर कुणीतरी डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरत असतो. इथे यातले काहीच नव्हते. गाडी सव्वादोन वर्षांची, विजेवरची. भाऊ पंधरा वर्षे गाडी चालवतो आणि त्याचा हात शांत आहे. त्या दिवशी वेग पस्तीसच्या वर गेलाच नव्हता. तरीही एका आखूड वळणावर पाच माणसांनी भरलेली गाडी पलीकडच्या बाजूला गेली, आणि समोरून एसटी येत होती. एसटीच्या चालकाने एसटी डोंगराकडे दाबली म्हणून निभावले. हे का घडले ते नीट कळल्याशिवाय मला चैन पडेना. पुढचे तीन आठवडे मी त्यातच घालवले, आणि भावाच्या संमतीने सगळे इथे लिहून ठेवतो आहे.

गाडी, माणसे आणि तांदूळ

गाडी वेंगुर्ल्याला असते, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. छोट्या एसयूव्हीच्या आकाराची, चाळीस युनिटची बॅटरी, पुढच्या चाकांवर मोटर, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. कागदपत्रांत रिकामे वजन १,४०० किलो. याच सांगाड्याची पेट्रोल गाडी साधारण १७० किलोने हलकी भरते. चाळीस युनिट साठवायचे तर सध्याच्या बॅटरीला अडीचशे ते तीनशे किलो वजन लागतेच. इंजिन, गिअरबॉक्स आणि पेट्रोलची टाकी गेल्यामुळे त्यातले काही वजा होते, बाकीचे राहते.

बेळगावला लग्न होते. परतताना सगळे आंबोलीला भावाच्या सासुरवाडीत रात्री थांबले. सकाळी निघाले तेव्हा गाडीत भाऊ, वहिनी, मावशी आणि कॉलेजात जाणारी दोन मुले होती. डिकीत आजऱ्याहून घेतलेल्या घनसाळ तांदळाच्या तीस-तीस किलोच्या दोन गोण्या, लग्नाच्या बॅगा आणि आहेरात आलेली भांडी. नंतर मी एकेक वजन मांडून पाहिले : माणसे ३०५ किलो, तांदूळ ६०, बाकी सामान ५५. म्हणजे ४२० किलो. गाडीसकट १,८२०. दाराच्या खांबावरच्या पट्टीत कंपनीने दिलेल्या कमाल वजनाला ही गाडी जवळजवळ टेकली होती.

एक आकडा मला इथेच अधोरेखित करावासा वाटतो. विजेची गाडी जड असते, असे सगळे म्हणतात आणि ते खरेच आहे. पण या सकाळी बॅटरीमुळे वाढलेले वजन १७० किलो होते आणि आपण भरलेले ४२०. पुढचा सगळा हिशेब या दोन्हींचा मिळून आहे.

रात्रभरचा चार्ज

आंबोलीला पोचले तेव्हा बॅटरी २६ टक्क्यांवर होती. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावली. त्यातून तासाला तीनेक युनिट जातात. रात्री आठला लावली, सकाळी सातला काढली. शंभर टक्के.

भावाने ते मुद्दाम केले होते. पाच माणसे, सामान, घाट, पुढे वेंगुर्ल्यापर्यंतचा रस्ता, म्हणून बॅटरी भरलेली बरी. पेट्रोलच्या गाडीत वाढलेल्या माणसाला हे शहाणपणाचेच वाटणार. मलाही त्या वेळी विचारले असते तर मी "भर" असेच म्हणालो असतो. हे कबूल करतो, कारण या प्रकरणातली मुख्य चूक हीच होती आणि ती माझ्या तोंडूनही सहज निघाली असती. खरे तर आंबोलीहून वेंगुर्ला साठ किलोमीटरच्या आत येतो आणि त्यातला मोठा भाग उतार. २६ टक्क्यांतसुद्धा गाडी घरी पोचली असती.

उतार

आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर आहे. दाणोलीपर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते आणि हा बहुतेक उतार दहा-अकरा किलोमीटरच्या वळणांत उरकतो.

भावाची गाडी चालवायची रोजची पद्धत अशी : रिजन सगळ्यात वरच्या पायरीवर. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटी राबते, चाकांच्या फिरण्यातून वीज करून बॅटरीत टाकते आणि त्या ओढीने गाडी आपोआप मंदावते. वेंगुर्ला ते सावंतवाडी रोजच्या जाण्यायेण्यात त्याला ब्रेकचे पेडल दिवसातून चार-पाच वेळा लागते, तेही शेवटी गाडी थांबवताना.

त्या सकाळी गावाबाहेर पडून पहिला उतार लागला आणि त्याने नेहमीसारखा पाय उचलला. गाडी मंदावली नाही. उलट सुटली. डॅशबोर्डवर एक पिवळी ओळ उमटून गेली, ती त्याने पाहिली पण वळण समोर असल्याने वाचली नाही. पाय ब्रेकवर नेला. ब्रेक उत्तम लागला. मग पुढचे वळण, पुन्हा ब्रेक. मुख्य धबधब्याच्या खाली बेळगावहून गोव्याकडे चाललेला भाजीचा टेम्पो पुढे आला. त्याच्या मागे तीन-चार किलोमीटर त्याचा पाय ब्रेकवरून उठलाच नाही. हलका दाबलेला, सतत.

मावशीने आधी ओळखले. "रे, कसलो जळल्यासारखो वास येता?" टेम्पोच्या लायनरचा असेल, असे भावाला वाटले. दोन वळणांनंतर टेम्पोने बाजू दिली आणि तो पुढे गेला. पुढच्या आखूड वळणाआधी त्याने पेडल दाबले तर ते दगडासारखे घट्ट. गाडी मंदावत होती पण अर्ध्याच जोमाने. तिथेच ती पलीकडच्या बाजूला गेली. त्यानंतर दाणोलीपर्यंत त्याने गाडी दोन्ही पायांनी ब्रेक दाबत, अगदी कडेने, जवळजवळ चालण्याच्या वेगाने आणली. एखाद्या रुंद जागी थांबून अर्धा तास चाके निवू द्यायला हवी होती, पण मागे रांग लागली होती आणि मुले घाबरली होती.

दाणोलीला जे दिसले

मी पोचलो तेव्हा फोन करून तास होऊन गेला होता. तरी पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेला की धग लागत होती. डाव्या चाकाची धग त्यापेक्षा बरीच कमी. उजव्या डिस्कवर निळसर-जांभळा पट्टा उठलेला. लोखंड अतोनात तापून निवले की हा रंग येतो, लोहाराच्या भट्टीशेजारी उभे राहिलेल्या कुणालाही तो ओळखता येईल. पेडल दाबून पाहिले, घट्ट होते, खाली जात नव्हते.

हा फरक महत्त्वाचा आहे. ब्रेक तापून मरतात ते दोन तऱ्हांनी. एकात ब्रेक ऑइल उकळते, पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे दबत फळीपर्यंत जाते. दुसऱ्यात ऑइल शाबूत असते, पण डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या पॅडचे घर्षण संपते. पेडल घट्ट, पाय जोरात, गाडी मात्र ऐकत नाही. इथे दुसरे झाले होते. पहिले झाले असते तर त्या वळणावर दोन्ही पायांनी दाबूनही काही हाती लागले नसते.

हिशेब

उंचावरचे वजन खाली आणायचे म्हणजे त्याच्यात साठलेली ऊर्जा कुठेतरी रिकामी करायची. १,८२० किलो साडेपाचशे मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते ती मोजली तर २.७ युनिट भरते. आपल्या घरच्या मीटरवरचेच युनिट. त्यातले पाऊण युनिटभर टायरच्या रेट्यात आणि हवेच्या विरोधात जाते. उरलेली सुमारे दोन युनिट कुणीतरी पचवावीच लागतात.

दोन युनिट ऐकायला किरकोळ वाटतात. वीजबिलात आपण त्यांच्याकडे बघतही नाही. पण तेवढ्या उष्णतेत विहिरीचे दोन बादल्या पाणी उकळते. दुसऱ्या बाजूने बघा : साठच्या वेगातली ही गाडी एकदा पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये जेमतेम ०.०७ युनिट उष्णता उतरते. म्हणजे आंबोली उतरणे हे साठवरून अठ्ठावीस वेळा गाडी उभी करण्यासारखे आहे, वीस-पंचवीस मिनिटांत, मध्ये निवायला उसंत न देता. चारही चाकांतले डिस्क आणि ड्रम मिळून वीस-पंचवीस किलो लोखंड धरले आणि वारा लागलाच नाही असे मानले, तर त्याचे तापमान सहाशे अंशांनी वर जाईल. वारा लागतो म्हणून तेवढे होत नाही. पण पुढच्या चाकांवर भार जास्त येतो, आणि संथ वेगात टेम्पोच्या मागे वारा कमी मिळतो.

आता वजनाबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण शिकाऊ मुले तो नेहमी घेऊन येतात. जड गाडी एकदम ब्रेक मारल्यावर थांबायला त्याच प्रमाणात जास्त अंतर घेते, असे नाही. वजन वाढले की टायर रस्त्याला तेवढ्याच प्रमाणात जास्त घट्ट धरतो. ब्रेक धडधाकट असतील आणि टायर व हवा बरोबर असेल, तर एका थांबण्यात भरलेल्या आणि रिकाम्या गाडीत फार फरक पडत नाही. फरक पडतो तो उष्णतेत. प्रत्येक किलोची ऊर्जा त्याच डिस्कांत जाते, आणि डिस्क काही वजनाबरोबर मोठी होत नाही. म्हणून सपाटीवर "माझी गाडी मस्त थांबते" असा अनुभव घेतलेला माणूस घाटात फसतो.

पेट्रोल गाडी असती तर? हेच प्रवासी, हेच सामान, वजन १,६५०. अडीच युनिट. बॅटरीच्या वजनाने वाढलेला भाग पाव युनिट आणि माणसा-सामानाने वाढलेला पाऊण युनिटाच्या आत. निव्वळ वजनाचा विचार केला तर पेट्रोल गाडीचे ब्रेक या गाडीपेक्षा थोडेच कमी तापले असते. पण पेट्रोल गाडीत भाऊ दुसऱ्या गिअरात उतरला असता. एसटीचे जुने ड्रायव्हर नव्यांना पहिला धडा हाच देतात : ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. इंजिन अडवून धरते, ब्रेक फक्त वळणापुरता. विजेच्या गाडीत ते अडवून धरण्याचे काम रिजन करते, आणि खरे सांगायचे तर इंजिनापेक्षा कितीतरी चांगले करते. त्या सकाळी ते कामावर नव्हते.

का नव्हते? कारण बॅटरी भरलेली होती. लिथियमच्या प्रत्येक पेशीला व्होल्टची एक वरची हद्द असते, लोह-फॉस्फेट जातीत ती ३.६५ व्होल्ट. भरलेल्या पेशीत आणखी वीज रेटली की ती हद्द ओलांडली जाते आणि पेशी बिघडते. म्हणून बॅटरी सांभाळणारी यंत्रणा रिजनचा दरवाजा जवळजवळ बंद करते. भरलेल्या पिंपात नळ सोडला तर पाणी बाहेरच जाणार. पिवळी ओळ तेच सांगत होती.

हे तंत्र आपल्याकडे नवे नाही, ही गोष्ट मला फार आवडते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोरघाटात आणि थळघाटात विजेची मालगाडीची इंजिने आली, तीच मगरीच्या आकाराची, ज्यातले एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. त्यांच्यात घाट उतरताना वीज परत करायची सोय होती. उतरणाऱ्या गाडीची वीज तारेत जायची आणि चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडायची. फरक एवढाच की तारेच्या टोकाला ती वीज घेणारे दुसरे कुणीतरी असायचे. आपल्या गाडीला एकच बॅटरी. ती भरली की संपले.

एसी जोरात लावून बॅटरी उतरवता येईल का, असे वहिनीने विचारले. प्रश्न योग्य होता, म्हणून हिशेब केला. एसी दीड किलोवॉट ओढतो असे धरले तरी वीस मिनिटांत अर्धे युनिट. दोन युनिटांपुढे ते अपुरे, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. काही उत्पादकांनी हा प्रश्न आधीच ओळखला होता. शेवरोलेच्या बोल्ट या गाडीत डोंगरमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी 'हिलटॉप रिझर्व्ह' नावाची सोय होती. ती लावली की गाडी भरायच्या आधीच चार्जिंग थांबवते आणि उतरताना रिजनला जागा उरते. भावाच्या गाडीत तशी सोय नाही.

न बोलणारे वजन

आकड्यांपेक्षा मला जास्त छळणारी गोष्ट वेगळी आहे. आदल्या आठवड्यात लग्नाला जाताना हीच गाडी हीच पाच माणसे घेऊन हाच घाट चढली होती. भावाने मला तेव्हा कौतुकाने फोन केला होता, की पाच माणसे बसलीत पण गाडीला कळतच नाही. ते खरे होते. मोटरचा सगळा जोर शून्य वेगापासून हाताशी असतो. पेट्रोल गाडी पाच माणसे घेऊन आंबोली चढते तेव्हा दुसऱ्या गिअरात घुमते, तापते, वळणावर मरायला येते. चालकाच्या कानाला, पायाला, बुडाला वजन कळत राहते. मग उतरताना तो आपसूक सावध असतो.

विजेच्या गाडीत चढताना मोटर वजन लपवते. सपाटीवर खाली बसवलेली बॅटरी ते लपवते, गाडी वळणात झुकत नाही. उतरताना रिजन लपवते. सव्वादोन वर्षे भावाला १,८०० किलो कधी जाणवलेच नव्हते. त्या सकाळी रिजन बाजूला झाले आणि सगळे वजन एकदम ब्रेकवर आले, म्हणजे त्याच्या उजव्या पायावर. आणि तो पाय ब्रेक मारायची सवय विसरला होता. उतारावर ब्रेक दाबायचा तो ठाम, थोडा वेळ, आणि मग पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. त्याला हे पंधरा वर्षांपूर्वी मीच शिकवले होते. सव्वादोन वर्षांत गेले. यात मी त्याला दोष देत नाही. रोज न लागणारी सवय कुणाचीही जाते.

ब्रेक उघडल्यावर

दोन दिवसांनी ओळखीच्या गॅरेजात चारही चाके उघडली. मिस्त्रीने पॅड हातात दिले. जाडी जवळजवळ नव्यासारखी, ३१,००० किलोमीटर झाल्यावरही. पण पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, नखाने ओरखडा उठेना. पॅडला काच चढली, असे मिस्त्री म्हणतात ते हेच. डिस्कच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला गंजाची जाड कड. आणि पुढच्या उजव्या कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याची, सरकती पिन अडकलेली. ती हातोडीने हलकेच ठोकून काढावी लागली. त्यावरचे ग्रीस सुकून वाळूसारखे झाले होते. पिन अडकली की कॅलिपर मागे सरकत नाही, पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. उजवे चाक डाव्यापेक्षा तापले ते यामुळे.

हा दोष वेंगुर्ल्याच्या हवेचा आहे आणि विजेच्या गाडीचाही. पेट्रोल गाडीत ब्रेक रोज लागतो, डिस्क घासून स्वच्छ होते, पिन हलत राहते. इथे रिजनमुळे ब्रेक आठवडेच्या आठवडे निवांत, आणि खारी दमट हवा मात्र रोज लागणारी. सर्व्हिसला गाडी वेळेवर गेली होती. तिथे पॅडची जाडी बघून "ब्रेक नवेच आहेत" असे सांगितले गेले. जाडी खरीच नवी होती. चाक काढून पिन हलते का, हे कुणी पाहिले नव्हते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे स्वतः मागून करून घ्यावे. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

ब्रेक ऑइल सव्वादोन वर्षांत बदललेले नव्हते. ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांना उकळते, पाणी मुरल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. कोकणात दोन वर्षे हीच हद्द. त्या सकाळी ते उकळले नाही हे नशीब. बदलून टाकले.

टायरमध्ये ३२ पीएसआय हवा होती. दाराच्या पट्टीत भरलेल्या गाडीसाठी ३६ लिहिले आहे.

पुन्हा आंबोली

नवे पॅड, ग्रीस केलेल्या पिना, नवे ऑइल आणि ३६ हवा एवढे झाल्यावर आम्ही तोच उतार दोनदा उतरलो. ब्रेक दोन्ही वेळा धडधाकट होते, त्यामुळे फरक पडला तर तो फक्त बॅटरी किती भरली आहे याचाच असणार. माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या सीटबेल्टने बांधल्या, वजनकाट्यावर गाडी नेली आणि १,८२० जुळवले. मी चालवत होतो, भाऊ शेजारी बसून माझे ब्रेक मोजत होता. मागे मिस्त्रीची गाडी. पहाटे सहाला, रस्ता मोकळा असताना.

पहिला उतार शंभर टक्के चार्जवर. मी पाय उचलला आणि गाडी खरोखरच सुटली, गिअर निसटल्यासारखी. हे होणार हे माहीत असूनही पोटात खड्डा पडला. दाबून-सोडून उतरलो. दाणोलीपर्यंत ६१ वेळा ब्रेक. मिस्त्रीच्या तापमान मोजायच्या बंदुकीवर पुढच्या डिस्क : डावी २८६, उजवी २९१ अंश. चकचकीत धातूवर ही बंदूक कमीच दाखवते, त्यामुळे खरा आकडा याच्या वरचाच. वास मात्र आला नाही आणि पेडलही शेवटपर्यंत सारखे राहिले. म्हणजे चांगल्या स्थितीतले ब्रेक नीट वापरले तर पूर्ण भरलेल्या बॅटरीवरही हा घाट उतरता येतो. पण हाताशी काही शिल्लक उरत नाही. मध्ये एखादे जनावर आडवे आले असते तर त्या तापलेल्या पॅडवर किती भरवसा ठेवायचा, हे मला सांगता येणार नाही.

मग चढलो. चढताना बॅटरी ९९ वरून ८७ वर आली. वर तासभर चहा-भजी खाऊन डिस्क निवू दिल्या.

दुसरा उतार ८७ टक्क्यांवर. रिजन वरच्या पायरीवर. तीच वळणे, तोच वेग. ब्रेक ९ वेळा. डिस्क ९७ आणि १०१ अंश. खाली आलो तेव्हा बॅटरी ८९ टक्के. भाऊ काही बोलला नाही, नुसता त्या आकड्याकडे बघत बसला. जी दोन युनिट त्या सकाळी चाकांतून धूर होऊन गेली, त्यातले निम्म्याहून थोडे कमी आज बॅटरीत परत आले होते.

सध्या काय चालू आहे

भाऊ घाटमाथ्यावर पंच्याऐंशीच्या वर चार्ज करत नाही. गाडीत मर्यादा घालायची सोय नाही, म्हणून सॉकेटमध्ये पंधरा अँपिअरचा टायमर बसवला आहे. आंबोलीच्या उताराला त्याच्या बॅटरीत पाच टक्के जागा पुरते. त्याहून निम्म्या बॅटरीच्या छोट्या गाडीला दहा टक्के धरावी. अंबा घाट, कुंभार्ली किंवा फोंडा उतरणाऱ्यांनीही हाच अंदाज ठेवायला हरकत नाही, उंचीचा फरक फार मोठा नाही. वेंगुर्ल्याच्या घरी मात्र तो बिनधास्त शंभर करतो, कारण तिथून निघाले की पुढे चढच आहे.

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, तो रिजन शून्यावर टाकून सावंतवाडीपर्यंत जातो आणि सगळे ब्रेक पेडलानेच मारतो. त्याने डिस्कवरचा गंज घासला जातो आणि पायालाही सवय राहते.

माझ्या शाळेत आता विजेची गाडी शिकायला येणाऱ्यांचा पहिला तास असाच असतो, रिजन बंद करून. पहिल्या थांब्याला सगळेच पाय उचलून वाट बघतात. गाडी पुढेच जात राहते. मग ब्रेक शोधतात. कुडाळच्या एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर ते चालते. गेल्या आठवड्यात एक मुलगी तिच्या बाबांना घेऊन आली होती, त्यांची गाडी नवी आहे आणि घर चौकुळला, आंबोलीच्याही पलीकडे. बाबांना मी मागच्या सीटवर बसवले आणि तिच्यानंतर त्यांनाही स्टिअरिंगवर घेतले.